त्यांना नवरी हवी होती

सगळ्यांना देश मिळाले. मला मिळाला नाही.

शाळेच्या हॉलमध्ये आम्ही नववीची मुलं फरशीवर बसलो होतो आणि रेवा मॅडम स्टेजच्या पायरीवर उभ्या राहून देश वाटत होत्या. शाळेतले सगळे कार्यक्रम त्याच बसवायच्या. जागतिक दिन जवळ आला होता. परदेशातल्या कुठल्याशा शाळेचे पाहुणे येणार होते आणि त्यांच्यापुढे आम्ही प्रत्येकाने एकेक देश व्हायचं होतं. त्या देशाचे कपडे घालायचे, त्या देशाबद्दल इंग्रजीत बोलायचं. करणला फ्रान्स मिळाला. त्याचे वडील बिल्डर, तो खरंच फ्रान्सला जाऊन आला होता. सिमरनला ब्राझील. जपानसाठी दोघींचं भांडण लागलं तर मॅडमनी दोन जपान करून टाकले.

मी केनिया मागणार होते. लायब्ररीत केनियावर एक जाड पुस्तक होतं. तिथे एका तळ्यातून क्षार काढतात. पाणी आटवायचं आणि खाली राहील ते ओढून ढीग लावायचे. आमच्या खाडीवर माझे आजोबा मीठ पिकवायचे ते असंच. इतक्या लांबच्या देशातली माणसं आमच्यासारखं काम करतात हे वाचून मला इतका आनंद झाला होता की मी आपणहून भाषण लिहिलं, पाठ केलं, घरी आरशासमोर म्हणून बघितलं. मी हात वर केला.

"तू हात खाली घे," मॅडम म्हणाल्या. "तुला देशबिश नको. तुझ्यासाठी मी स्पेशल ठेवलंय. तू नवरी."

मला कळलंच नाही. कुठल्या देशाची नवरी?

"इथलीच गं. तुमच्या गावातली. पाहुण्यांना आपलं लोकल लग्न दाखवायचंय." मग त्यांनी मला वर बोलावलं. माझी हनुवटी धरली आणि माझं तोंड मुलांकडे वळवलं. "बघा. हा फेस बघा. ऑथेंटिक. हिला मेकअपसुद्धा लागणार नाही."

मुलं हसली. मॅडमही हसल्या. त्यांना वाटत होतं की त्या माझं कौतुक करतायत. बाजारात कोंबडी उलटीपालटी करून बघतात, तसं मला सगळे बघत होते. नवरा कोण होणार, असं कोणीतरी विचारलं. लगेच मुलं एकमेकांना ढकलायला लागली. तू हो, तू हो. कोणालाच व्हायचं नव्हतं. शेवटी करण उठला आणि म्हणाला, "ओके, आय विल डू इट. लंचनंतर डिव्होर्स."

हॉल डोक्यावर घेतला त्यांनी. मी तिथेच उभी. मला रडू येत होतं आणि त्यांच्यापुढे रडायचं नव्हतं. मी पायातल्या बुटांकडे बघत राहिले.

ही शाळा कुठे होती ते सांगते. पनवेलच्या बाहेर, डोंगराच्या पायथ्याला. तिथे आधी आमच्या गावाची शेतं होती. नव्या शहरासाठी सरकारने जमिनी घेतल्या आणि त्यातला चांगला मोठा तुकडा ह्या शाळेच्या वाट्याला गेला. शाळेने भिंत घातली ती गावाचा खाडीकडे जायचा रस्ता आत घेऊन. तेव्हा गावाने शाळेचं फाटक अडवलं. बायाबाप्ये, पोरंटोरं, सगळी रस्त्यात बसली. माझे बाबा सगळ्यांत पुढे. पोलीस आले, काठ्या पडल्या. बाबांच्या खांद्याचं हाड तेव्हा दुखावलं ते कायमचंच. शेवटी तडजोड झाली. रस्ता गेला. त्याच्या बदल्यात दरवर्षी गावातली काही मुलं शाळेने घ्यायची आणि शेवटपर्यंत शिकवायची.

म्हणजे रस्ता देऊन आम्ही ह्या जागा घेतल्या होत्या. गावात हे लहान पोरालाही ठाऊक होतं. शाळा मात्र पहिल्याच वर्षी विसरली. तिथे आम्ही 'फ्रीवाले' झालो. डबा विसरला तरी फ्रीवाले, पेन्सिल मागितली तरी फ्रीवाले. माझ्याबरोबर घेतलेली मुलं एकेक करून गळली. कोणाला इंग्रजी झेपलं नाही, कोणाला ते हसणं झेपलं नाही. पुढच्या वर्षी गावातल्या कोणी आपलं मूल पाठवायला धजेना. मी एकटी उरले. मी उरले, कारण बाबांनी मला उरायला लावलं.

बाबा तळोज्याला केमिकल कंपनीत कंत्राटावर होते. शेत गेल्यावर दुसरं काय करणार? पिंपं धुवायची, पोती उचलायची. घरी यायचे तेव्हा डोळे लाल आणि अंगाला असा वास, की आई त्यांचे कपडे वेगळे धुवायची. खोकला लागला की भिंत धरून उभे राहायचे. खोकला थांबला की मला म्हणायचे, "तू शिक. तुज्या अंगाला ह्यो वास लागाला नाय पायजे." दुसरं काही मागायचेच नाहीत ते माझ्याकडे. त्यांची सगळी आशा माझ्या त्या निळ्या युनिफॉर्मला टांगलेली होती. आणि मला ते पेलत नव्हतं.

शाळेत आम्हांला रोज सांगायचे की इथे तुमचा चौफेर विकास होणार. घोडे होते. पियानो होता. पोहायचा तलाव होता, आणि भिंतीपलीकडे आमच्या गावात पाण्याचा टँकर यायचा. प्रिन्सिपल सर प्रार्थनेनंतर बोलायचे, तुम्ही एका गावाचे, एका जातीचे, एका देशाचे नाही, तुम्ही जगाचे नागरिक आहात. मला ते मनापासून खरं वाटायचं. कोणी सांगत होतं की तू जगाची आहेस, आणि मी ते भुकेल्यासारखं घेत होते. म्हणून हॉलमधला तो दिवस मला इतका लागला. जग त्यांनी आपापसांत वाटून घेतलं आणि मला सांगितलं, तू भिंतीपलीकडे जा आणि नटून ये.

मी घरी काही बोलले नाही. पण मॅडम गप्प बसणाऱ्या नव्हत्या. दोन दिवसांनी त्यांची जीप आमच्या दारात उभी राहिली. त्यांना माझी आत्या हवी होती.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तरुणपणीच विधवा झाली आणि माहेरी परत आली. ती गावची धवलारीण. आमच्या आगरी लोकांत लग्न लागतं ते धवल्यांनी. धवले म्हणजे लग्नविधीची गाणी, आणि ती म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. आता भटजीही येतो, मंगलाष्टकं होतात. पण तांदळाचा चौक मांडून धवलारीण बसली नाही तर म्हातारी माणसं ते लग्न मानत नाहीत. एरवी विधवा बाईला कोणी पुढे येऊ देत नाही. मांडवात मात्र आत्या म्हणेल ते. नवऱ्या मुलाचा बापसुद्धा तिला विचारून पाऊल टाकायचा. वर्गात एकदा घरच्या चालीरीती सांगायच्या होत्या तेव्हा हे सगळं मी मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. मॅडमनी ते लक्षात ठेवलं होतं.

आईने मॅडमना खुर्ची दिली, लिंबाचं सरबत दिलं. मॅडमनी सरबत बाजूला ठेवलं आणि आत्याला सांगितलं, तुम्हांला स्टेजवर यायचंय, नवरा-नवरीला बसवून तुमची गाणी म्हणायची आहेत. आत्याने आधी ऐकून घेतलं. मग विचारलं, "लगीन कोनाचं?"

मॅडम हसून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "हिचंच."

आत्याचा चेहरा बदलला. "मॅडम, धवलं म्हंजे नुसतं गानं नाय. आदी देवांना बोलवाचं. मंग गावदेवीला. मंग घरान जी मानसं मेलीगेली, त्यांना. ती समदी मांडवान येतान. आल्यावं त्यांना काय सांगू? पोरं खेलतान म्हनून तुमाला बोलवलं?"

"आजी, हे खोटं खोटं लग्न आहे. इट्स जस्ट अ प्ले."

"तुमचं खोटं आसल. देवांना कसं कलनार?" आत्या म्हणाली. "वर-नवरी समोर बसली, मी धवलं घातलं, तांदूल परलं, का लगीन लागलं. मंग ते सोरवनार कोन?"

मॅडमना ते फार गोड वाटलं. "हाउ स्वीट," त्या मला म्हणाल्या. मग जीपमध्ये बसताना सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "बाबांना उद्या सरांना भेटायला सांग."

दुसऱ्या दिवशी मला वर्गातून ऑफिसात बोलावलं. बाबा तिथे उभे होते. रात्रपाळी करून तसेच आले होते. चपला त्यांनी दाराबाहेर काढल्या होत्या. कोणी काढायला सांगितल्या नव्हत्या. गालिच्यावर अनवाणी उभे होते, आणि समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. प्रिन्सिपल सर बसा म्हणाले नाहीत. मी दारातच थांबले.

सर रागावले नाहीत. फार शांतपणे बोलले. "आमची शाळा पुस्तकी मुलं घडवत नाही. आम्हांला सर्वांगीण व्यक्तिमत्त्व हवं. तुमची संस्कृती जगापुढे मांडायची संधी आम्ही तुमच्या मुलीला देतोय आणि तुम्ही अंधश्रद्धा घेऊन बसलाय. जिला भाग घ्यायचा नसेल तिची जागा दुसऱ्या एखाद्या गरजू मुलीला देता येईल. बघा. पुढचं वर्ष दहावीचं आहे."

ज्या माणसाने पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या आणि फाटकासमोरून हलला नाही, तो माझा बाप. तो वाकला. खरंच कमरेतून वाकला. "नाय सर. तसा नको करू. ती करल. समदा करल."

"आणि गाणारी बाई?"

"ती माजी भन हाय. ती गाईल."

सरांनी मान हलवली. बाबांना खोकल्याची उबळ आली. त्यांनी तोंडावर रुमाल धरला आणि ते खोकला आतल्या आत दाबायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत दाबला. त्या ऑफिसात खोकायलाही ते भीत होते. मला तेव्हा सरांचा राग आला नाही, बाबांचा आला. तो राग चुकीच्या माणसावर होता हे कळायला थोडे दिवस जावे लागले.

घरी बाबांनी आत्याचे पाय धरले. "बाय, माज्यासाठी नको. हिच्यासाठी गा. ही जागा गेली तं मी हिला कुठं टाकू? तलोज्याला?" आत्याने त्यांना हाताला धरून उठवलं. आई चुलीजवळ बसून ऐकत होती. शेवटी आत्या म्हणाली की ती फक्त हळदीची गाणी म्हणेल. हळद दळताना बायका म्हणतात ती. त्यात देवांना बोलावणं नाही. पण अट एकच. समोर नवरा बसायला नको, अंतरपाट नको आणि कोणाच्या हातात तांदूळ नकोत. मी तो निरोप मॅडमना सांगितला. शब्दाला शब्द सांगितला. "येस, येस, डन," मॅडम म्हणाल्या. त्यांचं लक्ष झेंड्यांच्या काठ्यांकडे होतं.

रोज तालीम व्हायची. करण यायचा, माझ्या शेजारी उभा राहायचा, नाक मुरडायचा. तो नुसता उभा राहील, समोर बसणार नाही, असं मॅडम म्हणाल्या होत्या. मधल्या सुट्टीत मुलं मला मिसेस म्हणायची. मी पाणी प्यायला गेले की मागून वाजंत्री वाजवायची तोंडाने. गावातही कुजबुज सुरू झाली होती. टेंपोवाल्याच्या बायकोने आईला विचारलं, "तुमच्या पोरीचं लगीन शालंतच लावतान काय?" आई बिचारी काय सांगणार? मला जेवण जाईना. झोपेत मी केनियाचं भाषण म्हणायचे असं आत्या सांगायची. तिला त्यातलं काही कळायचं नाही. ती नुसती माझ्या पाठीवर हात ठेवून बसायची.

मग तो दिवस आला.

हॉलभर झेंडे. पुढच्या रांगेत परदेशी पाहुणे, गळ्यात झेंडूचे हार. त्यांच्या मागे मुलांचे आईबाप, मुंबईहून गाड्या घेऊन आलेले. माझे बाबा पार शेवटी, दाराशी, शेजाऱ्याचा पांढरा सदरा घालून उभे. स्टेजवर एकेक देश येऊन गेला. टाळ्या झाल्या. केनिया कोणी घेतलाच नव्हता.

मला हिरवं लुगडं नेसवलं होतं. हातभर चुडा, कपाळाला मुंडावळ्या, गालाला हळद. स्टेजच्या मधोमध मला पाटावर बसवलं. आत्या बाजूला चटईवर बसली. तिने हळदीचं गाणं सुरू केलं. तिचा आवाज त्या माइकमधून आला आणि सगळा हॉल गप्प झाला. क्षणभर मला वाटलं, होईल. निभेल. एवढ्यावर सुटेल.

आणि मग करण आला. फेटा, धोतर, हातात कट्यार. तो माझ्या समोरच्या पाटावर बसला. दोन मुलींनी आमच्यामध्ये अंतरपाट धरला. खाली दोन मुली ताटं घेऊन रांगांमधून फिरायला लागल्या. जाळीच्या रंगीत पुरचुंड्या होत्या, वर चमकीची फीत. पाहुण्यांनी त्या सोडल्या. आत तांदूळ होते. पिवळे केलेले, खऱ्या लग्नात असतात तसे.

आत्याने ते बघितलं. तिचं गाणं तिथेच तुटलं.

"कंटिन्यू, आजी," मॅडम विंगेतून म्हणाल्या. आत्या हलली नाही. मॅडम पुढे आल्या, माइक हातात घेतला आणि पाहुण्यांना इंग्रजीत म्हणाल्या की आमच्या आजी जरा लाजल्या आहेत, ह्या साध्या लोकांना स्टेजची सवय नसते, आपण टाळ्या वाजवून त्यांना धीर देऊ या. सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. ठेक्यात. आत्याला इंग्रजी कळत नव्हतं, पण टाळ्या कशासाठी ते कळलं. ती खाली मान घालून बसून राहिली.

पहिल्या रांगेतून प्रिन्सिपल सर उठले. ते आत्याकडे गेले नाहीत. मागे वळून त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या बाबांकडे बघितलं. नुसतं बघितलं आणि बोटाने स्टेजकडे खूण केली. बाबा मधल्या वाटेने पुढे आले. इतक्या लोकांमधून, तो आखूड सदरा घालून, सगळ्यांच्या माना वळत असताना. स्टेजखाली येऊन त्यांनी हात जोडले. आपल्या बहिणीला.

"बाय, गा गो. गा. पोरीचं वाटोलं होल."

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी तिची ती नजर आजपर्यंत कोणाला नीट सांगू शकलेले नाही. मांडवात जिला विचारल्याशिवाय गाव पाऊल टाकत नसे, ती बाई आता माझी परवानगी मागत होती. मला माफ कर असंच म्हणत होती. मग तिने डोळे मिटले, हात जोडले आणि तोंड उघडलं. ती देवांना बोलावणार होती. ज्या देवांची तिला आयुष्यभर भीती वाटली, त्यांना खोटं सांगायला ती तयार झाली होती. माझ्या युनिफॉर्मसाठी.

तेव्हा माझ्या आत काहीतरी फाटलं. मला एकदम लख्ख दिसलं की हे आज संपणार नाही. आज आत्या गाईल, उद्या बाबा पुन्हा वाकतील, परवा मला आणखी काही व्हायला सांगतील, आणि प्रत्येक वेळी ही जागा पुढे धरतील. आमचीच जागा.

मी मुंडावळ्या काढल्या. पाटावर ठेवल्या. उठले. अंतरपाट धरणाऱ्या मुली घाबरून बाजूला झाल्या. मी मॅडमच्या हातातून माइक घेतला. हातातला चुडा वाजत होता, ते माइकमधून सगळ्यांना ऐकू जात होतं. पाहुण्यांना कळायला हवं म्हणून मी इंग्रजीत बोलले.

"आय ॲम नॉट अ ब्राइड. आय ॲम अ स्टुडंट ऑफ धिस स्कूल. प्लीज पुट द राइस डाउन."

पाहुण्यांतल्या एका बाईने तांदूळ मांडीवर ठेवले. बाकीचे एकमेकांकडे बघत राहिले. हॉलमध्ये कोणी तरी हसलं आणि गप्प झालं. मी आत्याचा हात धरून तिला उठवलं. आम्ही दोघी स्टेजवरून खाली उतरलो आणि बाबांच्या समोर येऊन उभ्या राहिलो. ते माझ्याकडे असे बघत होते जसं काही त्यांच्या डोळ्यांदेखत घर जळालं होतं.

कोणी आमच्या मागे आलं नाही. कोणी धावत येऊन माझी पाठ थोपटली नाही. नंतर कोणाला हे सांगितलं की लोक विचारतात, मग एखादे शिक्षक तरी बोलले असतील ना? नाही. कोणी नाही.

चार दिवसांनी रेवा मॅडम घरी आल्या. सरांचा निरोप होता. शाळेचा परदेशी पाहुण्यांपुढे अपमान झालाय. तरी शाळेचं मन मोठं आहे. सोमवारी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या मुलांसमोर माफी मागायची, जागा राहील. नाहीतर नाव कमी होईल.

मॅडम गेल्यावर बाबा म्हणाले, "माफी माग."

मी म्हटलं, "नाही मागणार."

"दोन शब्दांचं काम हाय पोरी."

"नाही मागणार."

बाबांनी हात उगारला. जन्मात पहिल्यांदा. मी डोळे मिटले नाहीत. तो हात तसाच वर राहिला, मग त्यांनी तो स्वतःच्या तोंडावर घेतला आणि ते उंबऱ्यात बसून रडले. मोठ्याने, लहान मुलासारखे. रडता रडता खोकले. मला वाटलं आपण आपल्या बापाला मारून टाकतोय. मला सोमवारी जावंसं वाटलं. खरंच वाटलं. दोन शब्द, आणि हा माणूस रडायचा थांबेल. पण त्या दोन शब्दांनंतर आत्या काय ठरणार होती? खोटी? अडाणी? शाळेसमोर मी सॉरी म्हटलं असतं म्हणजे तिने गायला हवं होतं, असंच मी सांगितलं असतं.

सोमवारी मी गेले नाही. माझं नाव कमी झालं.

त्यानंतरचं वर्ष मी वैऱ्यालाही देणार नाही. पनवेलच्या शाळांनी मधेच घेतलं नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचं ठरलं. इंग्रजीतून शिकलेलं सगळं मराठीतून पुन्हा वाचायचं. शिकवायला कोणी नाही. गावात काही बायका मला बघून कुजबुजायच्या, ही अर्ध्या लग्नाची, हळद लागली नि मांडवातून उठली. आत्याला एका घरून लग्नाचं बोलावणं आलं नाही. स्टेजवर गाते ती कसली धवलारीण, असं ते म्हणाले. आत्याने ऐकून घेतलं आणि दिवसभर भात पाखडत बसली. बाबा माझ्याशी कामापुरतं बोलायचे. खोकला वाढला होता. कंपनीने त्यांच्या पाळ्या कमी केल्या. मी पुस्तक उघडून बसायचे आणि अक्षरं पुढे सरकायची नाहीत. खूप दिवस मला असं वाटत होतं की मी चुकले नाही, पण मी हरले.

पुढच्या वर्षी जागतिक दिन आला. शाळेची जीप परत गावात आली.

ह्या वेळी ती सुगंधाकाकीच्या दाराशी थांबली. सुगंधाकाकी आमच्या शेजारची. तिची पिंकी सातवीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत. मॅडमनी हिरवं लुगडं बरोबरच आणलं होतं. त्या काकीला सांगत होत्या, पिंकीला आम्ही शाळेत घेऊ, बारावीपर्यंत शिकवू. फक्त कार्यक्रमात थोडी मदत लागेल. गाणं गाणारी बाई नको, टेपवर वाजवू. काकीचं तोंड उजळलं होतं. मी माझ्या ओट्यावरून ते बघत होते, आणि मला तिला दोष देता येईना. माझ्या बाबांचं तोंड असंच उजळलं असणार मला पहिल्यांदा युनिफॉर्म घातला तेव्हा.

काकीची नजर माझ्याकडे वळली. मी काय म्हणते ते तिला हवं होतं. पिंकी लुगड्याच्या काठावरून हात फिरवत होती. तिचं शिक्षण माझ्या एका शब्दाने बुडू शकत होतं, आणि तिला नको जाऊ म्हणायचा मला काय अधिकार? मला भीती वाटली. स्टेजवर वाटली नव्हती तेवढी. तिथे फक्त माझं जाणार होतं.

मी उठले, काकीच्या ओट्यावर गेले. ते लुगडं पिंकीच्या हातातून घेतलं, घडी केली आणि मॅडमच्या मांडीवर ठेवलं.

"काकी, पिंकीला शालेत घाल," मी म्हटलं. "त्या जागा आपल्याच हायत. आपल्या रस्त्यावर भिंत हाय त्यांची. त्या मांगायाच्या नसतान, घेवाच्या. ते नाय म्हनतील. रोज जाव. मी येन तुज्यासंगाती, इंग्रजीन बोलन त्यांच्याशी. पन पोरगी पाटावर बसनार नाय."

 काकीने पिंकीला हाताला धरून स्वतःच्या मागे घेतलं. मॅडम उठून उभ्या राहिल्या. त्या मला इंग्रजीत म्हणाल्या की तू स्वतःचं नुकसान केलंस, आता ह्या लहान मुलीचं करतेयस. दुसऱ्या गावात आम्हांला पुष्कळ मुली मिळतील. विचुंब्यात मिळेल.

"मिळेल असं वाटत असेल तर जा," मी म्हटलं. "तुम्ही जीपने जाल, मी बांधावरून जाईन. ज्या घरात तुम्ही शिराल त्या घरात मी जाईन. आज जाईन आणि पुढच्या वर्षीही जाईन. शाळेतली आमची प्रत्येक जागा आम्ही भरणार. नवरी तुम्हांला मिळणार नाही."